सहा माणसं म्हणजे किती इंच?

टेबलक्लॉथच्या पाकिटावर 'सिक्स सीटर' एवढंच ठळक छापणारा उत्पादक ग्राहकाला फसवतो आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कापडाला लांबी असते, रुंदी असते, पन्हा असतो, वजन असतं. बसणाऱ्यांची संख्या हे त्याचं माप कधीच नव्हतं. तरीही महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात टेबलक्लॉथ मागितला की काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, "फोर सीटर की सिक्स सीटर?" आणि आपण मुकाट्याने उत्तर देतो. टेबल किती बाय किती आहे हे तो विचारत नाही, आपणही सांगत नाही. भाजी घेताना काट्यावर नजर ठेवणारी माणसं इथे मात्र मोजमाप सोडून देतात.

जरा हिशेब करू. सहाजणांचा म्हणून बाजारात सर्रास मिळणारा टेबलक्लॉथ ६० बाय ९० इंचांचा असतो. आता सहाजणांचं म्हणून विकलं जाणारं टेबल बघा. कुणाकडे ते ७२ बाय ३६ असतं, कुणाकडे ६० बाय ३६, आणि छोट्या फ्लॅटसाठी बनवलेलं ५४ बाय ३३ सुद्धा 'सहाजणांचं' म्हणूनच घरी येतं. पहिल्या टेबलावर हे कापड टोकांना ९ आणि बाजूंना १२ इंच लोंबतं. दुसऱ्यावर १५ आणि १२. तिसऱ्यावर १८ आणि साडेतेरा. तीन घरांनी एकच पाकीट आणलं आणि तिघांनाही वेगवेगळा त्रास झाला. तिसऱ्या घरात टोकाला बसणाऱ्याच्या खुर्चीच्या बैठकीखाली कापड पोचतं. खुर्ची पुढे ओढली की ते अडकतं, मागे सरकवली की ताटासकट ओढलं जातं. रोज, दोन्ही वेळच्या जेवणाला हे होतं आणि घरातले लोक एकमेकांना म्हणतात, "जपून बस."

का म्हणून जपून बसायचं? कापड बसणाऱ्याच्या सोयीसाठी घातलंय.

यात फर्निचरवाले तितकेच दोषी आहेत. माणसाला कोपर न लागता जेवायचं तर टेबलाच्या कडेची साधारण २४ इंच जागा लागते. ५४ इंचांच्या कडेला तिघं बसवली तर प्रत्येकाला १८ इंच येतात, आणि दोघंच बसवून उरलेले टोकांना बसवले तर त्यांची ताटं कोपऱ्यावरच्या ताटांना भिडतात. ते टेबल प्रामाणिकपणे चारजणांचं आहे. पण फ्लॅटच्या नकाशात 'सहाजणांचं डायनिंग' दाखवायचं असतं, म्हणून सहा खुर्च्या त्याच्याभोवती कोंबल्या जातात. मग त्या खोट्या आकड्यावर आधारलेला टेबलक्लॉथ येतो, आणि त्याच आकड्याच्या चटया येतात. एका खोट्या मापाने पुढची सगळी खरेदी बिघडते.

कायदा याबाबत गप्प नाही. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे ज्या मालात आकार महत्त्वाचा आहे, त्याच्या पाकिटावर लांबी-रुंदी छापावी लागते, आणि तीही मेट्रिक मापात. पुष्कळ पाकिटांवर ती असते. कुठे असते? मागच्या बाजूला, किमतीच्या चिकटपट्टीखाली, डोळे बारीक करून वाचावी लागेल अशा टायपात. पुढे मात्र मोठ्या अक्षरांत सहा खुर्च्या आणि फुलदाणी. जे माप ग्राहकाला हवं ते लपवायचं आणि जे माप नाहीच ते मिरवायचं, या धंद्याला मी नजरचूक म्हणणार नाही. तो विचारपूर्वक केलेला आहे. एकाच आकाराचा माल लाखोंनी शिवून सगळ्यांच्या गळ्यात मारायचा असेल तर ग्राहकाने टेप हातात घेणं परवडत नाही.

आता मूळ मुद्दा. टेबलक्लॉथ कडेखाली किती सोडायचा हे ठरवायला खुर्चीवर बसलेल्या माणसाची मांडी बघावी लागते. जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं, खुर्चीची बैठक १८ इंचांवर. मध्ये उरले १२ इंच. त्यातले पाच-सहा इंच मांडीची जाडी घेते. कापडासाठी राहिले सहा-सात. एवढाच त्याचा हक्क. त्यापुढचा प्रत्येक इंच जेवणाऱ्याच्या अंगावर पडणार.

इंग्रजी गृहसजावटीची पुस्तकं रोजच्या जेवणाला ६ ते ८ इंच आणि पाहुण्यांच्या जेवणाला १० ते १५ इंच सोडायला सांगतात. आपल्याकडच्या मासिकांतली सदरं आणि इंटिरियरवाले यातला दुसरा आकडा उचलतात, कारण फोटोत तो श्रीमंत दिसतो. ज्यांच्यासाठी तो आकडा आहे त्यांच्या मांडीवर रुमाल असतो, दोन्ही पाय जमिनीवर असतात, हातात काटा-चमचा असतो. आपण आमटी-भात हाताने कालवतो. आपल्या घरातली निम्मी वडीलधारी माणसं खुर्चीवर बसली तरी एक पाय वर घेतात, काही चक्क मांडी घालतात. पाटावर बसून जेवण्यात ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं त्यांना पाय लोंबते ठेवून घास जात नाही. माझी आई तशीच बसते. तिचा गुडघा टेबलाच्या फळीला जवळपास टेकतो. १२ इंच लोंबणारा टेबलक्लॉथ घातला तर तो तिच्या गुडघ्यावर चढतो, पाय हलला की सरकतो, आणि तिच्यापुढची वाटी कलंडते. यावर "आईंना सांगा पाय खाली सोडायला" असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. सत्तरीच्या बाईने कापडासाठी आपली बसण्याची रीत बदलावी, असं ज्यांना वाटतं त्यांच्या सजावटीची मला चीड आहे. कापड कापता येतं. गुडघा कापता येत नाही.

म्हणून माझं ठाम सांगणं आहे की रोजच्या मराठी घरात ७ इंचांपेक्षा जास्त सोडू नका. त्याहून फार कमीही नको. टेबलाच्या फळीखाली चौकटीची तीन-चार इंचांची पट्टी असते, ती झाकली जाईल इतकं कापड खाली यायलाच हवं. चारच इंच सोडलं तर कापड आखूड दिसतं, आणि मुख्य म्हणजे ते जागेवर राहत नाही. लोंबत्या भागाच्या वजनानेच कापड ताणलेलं राहतं.

इथे पंखा येतो. विलायती पुस्तकांना आपल्या छतावरचा पंखा माहीत नाही. मे महिन्यात टेबलावर पूर्ण वेगात फिरणारा पंखा पातळ पॉलिस्टरची कड उचलतो आणि ती वरणात घालतो. मग लोक स्टीलच्या क्लिपा आणतात. त्या क्लिपा फळीच्या कडेचं पॉलिश खरवडतात, मनगटाला ओरखडे काढतात, आणि जाड फळीला बसतच नाहीत. दर चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास वजन असलेलं सुती कापड घेतलं आणि ७ इंच सोडलं की क्लिपांची गरज पडत नाही. उरलीच तर चारही कोपऱ्यांच्या दुमडीत शिसं किंवा छोटी वजनं शिवून घ्या, असं कुणी सांगतील. ऐकू नका. शिसं विषारी आहे, ते जेवणाच्या जागी नको. कापडच जाड घ्या.

धुण्याचं कुणी बोलतच नाही. ९० इंच म्हणजे साडेसात फूट. गॅलरीत दोन भिंतींमध्ये बांधलेल्या दोरीवर साडेसात फुटांचं ओलं कापड वाळत घालून बघा. ते दुहेरी घालावं लागतं, पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो. परिणामी मोठा टेबलक्लॉथ आठवड्याला धुतला जात नाही. महिन्याने धुतला जातो. त्याच्यावर हळदीचे डाग बसतात, तेलाचे वर्तुळाकार ओघळ बसतात, आणि शेवटी त्याच्यावर आणखी एक पारदर्शक प्लॅस्टिक अंथरलं जातं. कापड झाकायला प्लॅस्टिक! मग कापड घातलं कशाला? नेमक्या मापाचे दोन सुती टेबलक्लॉथ एक धुण्यात, एक टेबलावर असे आलटून पालटून वापरले तर घर वर्षानुवर्षं स्वच्छ जेवतं. हळदीचा डाग साबणाने लाल झाला म्हणून घाबरायचं कारण नाही, कडक उन्हात तो बराच फिका होतो. पण त्यासाठी कापड उन्हात पसरता येईल एवढं हवं.

आता ज्या गोष्टीबद्दल मी अजिबात तडजोड करणार नाही ती सांगते. चौकोनी कापडाचा कोपरा बाजूंपेक्षा जास्त खाली येतो. एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला १५ इंच लोंबणाऱ्या कापडाचं टोक टेबलाच्या कोपऱ्यापासून सुमारे १९ इंच खाली जातं. म्हणजे जमिनीपासून ११ इंचांवर. वर्षाचं मूल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं, जवळपास टेबलाएवढंच. त्याला टेबलावरचं काही दिसत नाही. दिसतं ते समोर लोंबणारं टोक. ते धरून उभं राहणं, ओढणं हा त्याचा स्वभाव आहे आणि तो असलाच पाहिजे. वर चहाचे कप आहेत, आमटीचं पातेलं आहे. लहान मुलाची कातडी पातळ असते, मोठ्या माणसाला नुसता चटका बसेल अशा चहाने तिला खोल भाजतं. आणि तरीही रांगतं मूल असलेल्या घराच्या छायाचित्रांत गुडघ्याखाली पोचणारे लेसचे टेबलक्लॉथ छापले जातात. ते छापणाऱ्या संपादकांना, ते रचणाऱ्या सजावटकारांना मी जबाबदार धरते. मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत टेबलावर कापड नको. सात इंचांचंही नको. मध्यभागी घालायची लांब पट्टीही नको, तिची टोकंही लोंबतात. उघडी फळी पुसून घ्या. पाहुणे काय म्हणतील याची चिंता असेल तर त्या पाहुण्यांना कारण सांगा.

प्लॅस्टिकवर फार शब्द खर्च करायची इच्छा नाही, पण टाळताही येत नाही. बहुतेक घरांत टेबलक्लॉथ म्हणून प्रत्यक्षात जे असतं ते पीव्हीसीच्या गुंडाळीतून मीटरवर कापून दिलेलं असतं. तिची रुंदी बहुधा ५४ इंच. टेबल ३६ असो वा ४२, गुंडाळी तेवढीच. त्याची कड दुमडलेली नसते, म्हणून ती वळते. खाली शिरलेलं पाणी वाळत नाही, सांडलेली साखर मुंग्यांना सापडते. गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली की ते मऊ पडून चिकटतं. प्लॅस्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये उतरतात. पॉलिश चिकट होतं, त्यावर पांढुरके डाग येतात. लोक हे सगळं "टेबल खराब होऊ नये" म्हणून करतात. सागवानाचे पैसे मोजायचे, सुताराकडून चार हात पॉलिश करून घ्यायचं, आणि पुढची वीस वर्षं त्या लाकडावर एकदाही उघडा हात टेकायचा नाही. टेबल खराब होऊ नये म्हणून ते वापरायचंच नाही, ही कंजुषी आहे. सनमायकाच्या टेबलाला तर कशाचीच गरज नसते, त्यावर प्लॅस्टिक अंथरणं हा निव्वळ सवयीचा भाग.

एवढ्याशा कापडावरून इतका त्रागा कशाला, असं विचारलं जाईल. विचारणारे बहुतेक वेळा ते कापड न धुणारे, न वाळवणारे, न इस्त्री करणारे असतात. ज्या वस्तूला घरातले सगळे दिवसातून दोनदा हात लावतात ती एवढीशी कशी?

उपाय अवघड नाही. कापड मीटरवर घ्या आणि शिवून घ्या. ६० बाय ३६ चं टेबल धरा. चारही बाजूंना ७ इंच सोडायचे तर तयार कापड ७४ बाय ५० हवं. कडा दुहेरी दुमडायला प्रत्येक बाजूला एक इंच धरला की कापायचं माप झालं ७६ बाय ५२. सुती कापड पहिल्या धुण्यात चार-पाच टक्के आटू शकतं, म्हणून ५८ इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर घ्या. रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, मग कापा. हा क्रम उलटा करू नका. आधी शिवून मग धुतलेल्या कापडाच्या कडा ओढल्या जातात आणि दोन्ही टोकांचा दोन-दोन इंच भाग कायमचा जातो. ७२ इंची टेबलाला याच हिशेबाने अडीच मीटर लागतं. टेबल ४२ इंच रुंद असेल तर धुतल्यावर हा पन्हा पुरत नाही. मग चादरीसाठी येणारा मोठ्या पन्ह्याचा माल मागा. हातमागाचं कमी पन्ह्याचं कापड आवडलं असेल तर जोड द्यावा लागेल, पण तो मधोमध नको. अख्खा पन्हा मध्ये आणि जोडपट्ट्या दोन्ही बाजूंना. मधल्या जोडावर पातेली डुगडुगतात आणि शिवणीत अन्न अडकतं. हे कुठल्याही जुन्या शिंप्याला सांगावं लागत नाही.

हे कापड मिळतंही आपल्याच देशात. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. तमिळनाडूतलं करूर टेबलक्लॉथ, नॅपकिन, पडदे निर्यात करूनच उभं राहिलं. केरळातल्या कण्णूरच्या घरगुती कापडालाही मानांकन आहे. निर्यातीच्या ऑर्डरीत लांबी-रुंदी, इतका फरक चालेल आणि इतका नाही, धुतल्यावर किती आटेल, हे सगळं लिहिलेलं असतं, आणि माप चुकलं तर माल परत येतो. म्हणजे नेमकं माप देण्याची अक्कल आणि यंत्रं आपल्याकडे आहेत. ती परदेशी ग्राहकासाठी वापरली जातात आणि सोलापूरपासून काही तासांवरच्या पुण्यातल्या ग्राहकाला 'सिक्स सीटर' दिलं जातं. हा अपमान आहे, आणि आपण माल परत करत नाही म्हणून तो चालू आहे.

गोल टेबलाचं थोडक्यात. व्यासात दोन्ही बाजूंचे सात-सात इंच मिळवा आणि गोलच कापड शिवून घ्या. ४८ इंची गोल टेबलावर ६० इंचांचं चौकोनी कापड घातलं तर मध्ये ६ इंच लोंबतं आणि टोकं १८ इंच. ती चार टोकं बरोबर चार माणसांच्या मांडीवर येतात.

जमिनीपर्यंत पोचणारं कापड लग्नाच्या हॉलमध्ये बुफेच्या टेबलाला शोभतं. तिथे कुणी बसत नाही, आणि खालची खोकी झाकायची असतात. पण तेच हॉलवाले ५ फुटी गोल जेवणाच्या टेबलांनाही १२० इंचांचं कापड जमिनीपर्यंत सोडतात आणि भोवती दहा खुर्च्या लावतात. पैठणी नेसलेल्या बायकांनी आपला पदर सांभाळायचा, निऱ्या सांभाळायच्या आणि हॉलवाल्याचं कापडही सांभाळायचं. काठी घेऊन आलेल्या आजोबांची काठी त्यात अडकते. हॉलचं भाडं भरणाऱ्या यजमानांनी बुकिंगच्या वेळीच हे कापड नाकारलं पाहिजे. माझ्या ओळखीत तरी अजून कुणी नाकारलेलं नाही.

आणि वास्तुशांतीला टेबलक्लॉथ भेट देणाऱ्यांनी तो देणं थांबवावं. ज्या घरात पहिल्यांदाच पाऊल ठेवतोय तिथल्या टेबलाची लांबी-रुंदी आपल्याला माहीत असण्याचा संभव नाही. नव्या घरात असे चार-पाच टेबलक्लॉथ जमतात, एकही बसत नाही, आणि कपाटाचा एक कप्पा कायमचा अडतो. द्यायचाच असेल तर आधी फोन करून लांबी, रुंदी आणि टेबल गोल की चौकोनी एवढं विचारा. ते विचारायला संकोच वाटत असेल तर पाकिटात पैसे घाला.